मुर्चेखोर्त, गाळा नंबर नऊ

दुपारी मस्जिद बंदरची वीज गेली,
काट्यावरचे लाल आकडे विझले,
तेव्हा आगा काझिमने पिंपावर गोणपाट अंथरलं
आणि इस्फहान मांडलं.

पिस्ते त्याचे. बदाम लालमीरचे, कंदाहारी.
हिंगाचे खडे म्हणजे तोफा,
उसन्या, उस्मानी.
मनुका म्हणजे उंट, पाठीवर जंबुरके.
(हा शब्द माझ्या ओळखीचा निघाला.
आमच्याकडे तो पेशव्यांच्या फौजेबरोबर चालतो.)

"थंडीचं तोंड. गाव मुर्चेखोर्त," काझिम म्हणाला.
"सात वर्षं आमच्या शहरावर यांचं राज्य.
त्याआधी वेढा. माणसांनी जोड्यांचं कातडं उकडून खाल्लं."
लालमीर काही बोलला नाही.
बदामांची रांग नीट करत राहिला,
झोपलेल्या पोरांची पांघरुणं करावीत तशी.

मग पिस्ते सरकले.
तोफा काझिमने एका बोटाने घेतल्या.
रांग फुटली, बदाम शिराजच्या दिशेने,
म्हणजे माझ्या जावक वहीकडे, घरंगळले.

"यातला एक आमचा," लालमीर म्हणाला.
"घरी पोचला नाही. नाव आता कुणाला आठवत नाही.
त्याची बायको मरेपर्यंत दाराला कडी लावायची नाही,
तेवढं आठवतं."

जिंकलेला सरदार कोण, मी विचारलं.
काझिमने नाव घेतलं,
घरातल्या थोरल्या काकाचं घ्यावं तसं, जरा आवाज उतरवून.
माझी मान आपसूक दाराकडे वळली.
दसऱ्याचा रोज कापला म्हणून
हमालांनी फळीवर खडूने लिहिलं होतं :
शेटजींची नादिरशाही बंद करा.

काझिम देवनागरी अक्षर लावून लावून वाचतो.
ना. दि. र.
थांबला.
"त्याने तुमचं काय केलं?"

दिल्ली, मी म्हणाले. दहा वर्षांनी.

"आमच्या शहराची तर दारं उघडली त्याने,"
काझिम पिस्त्यांना सांगितल्यासारखं म्हणाला.
"दारं उघडायची सवय लागते माणसाला,"
म्हणाला लालमीर.

वीज आली. पंखा कुरकुरला.
सगळा माल मी पुन्हा काट्यावर घातला.
पिस्ते पुरे.
बदाम अकरा कमी.
कुणी तोंडात टाकले, कुणी खिशात, विचारलं नाही.
तुटीच्या रकान्यात अकरा लिहिले,
आणि कारणापुढे, नेहमीसारखं,
उंदीर.