अर्धेलीची पिल्लं

खुडूक कोंबडी जैतूनबीची,
अंडी आमची, तेरा.
बुट्टीत उसाचं पाचट, पाचटात गंजका खिळा,
वळीव गडगडला तर नासू नयेत म्हणून.

दहाव्या रात्री मोबाईलच्या उजेडात
एकेक अंडं धरलं तिनं:
"ह्यात जीव हाय.
ह्यात न्हाई.
ह्यात... ऱ्हाऊ दे, बघू."

एकविसाव्या दिवशी मी कापशीच्या बाजारात.
आले, तर डालग्याखाली चिवचिव.
सात.
तीन तिची, तीन माझी,
आणि त्या 'बघू'तलं एक,
डाव्या पायानं लंगडं.

त्याची वाटणी राहूनच गेली.
दोन्ही अंगणांतली कणी खातं,
कुणाच्याच खुराड्यात वेळेवर जात नाही.
घारीची सावली फिरली की
आम्ही दोघी एकदमच ओरडतो,
आणि ते
मध्येच उभं राहतं,
कुणाकडं पळावं
कळत नसल्यागत.