एकतिसावा दिवस

अकराव्या रकान्याचं नाव: कारण.
चौकीतून जे येतं त्याचा मी आकडा करतो.
भरधाव वेग, एक. दारू, दोन.
पादचाऱ्याची चूक, सात.
सात फार येतो,
की-बोर्डवर तो पुसट झालाय.
रस्त्याच्या चुकीला आकडाच नाही.
विचारलं होतं एकदा. साहेब म्हणाले,
रस्ता काय जबाब देणार?

लतीफ मणियार, वय बावन्न, जरीकाम,
राहणार बैंगनवाडी.
मानखुर्द लिंक रोड, रात्री पावणेदहा, डंपर.
सायनच्या वॉर्डात एकतीस दिवस श्वास चालला.
नियम तिसाचा आहे.
तिसाच्या आत गेला तर मृत,
पुढे गेला तर गंभीर जखमी.

त्याचा मुलगा दाखल्यासाठी हिंडत
चुकून आमच्या मजल्यावर आला.
बोटांना आरीची भोकं.
पडद्यावर नाव दिसलं त्याला.
साहेब, हे चुकलंय.
मी म्हणालो, चुकलं नाही, नियम आहे.
जरा वेळ उभा राहिला.
मग म्हणाला, म्हणजे तुमच्याकडे अब्बा बरे होतील?
टोमणा नव्हता त्यात.
तोच शोधत बसलो मी दुपारभर.

अहवालात ओळ गेली:
पादचारी पुलानंतर मृत्यू कमी, धोरण परिणामकारक.
आठ होते, पाच झाले.
लतीफ धरला तर सहा.

शनिवारी गेलो. कुणी पाठवलं नव्हतं.
चौसष्ट पायऱ्या वर, चौसष्ट खाली.
तासाभरात पुलावरून नऊ जण,
त्यातली दोन पोरं पतंगाच्या मागे.
खाली दुभाजकाच्या जाळीत
दोन गज वाकवलेले,
टोकाला लाल ओढणीची चिंधी घट्ट बांधलेली,
कुणाचा बुरखा, कुणाचं दप्तर अडकू नये म्हणून.
कुठल्या निविदेत नसलेलं काम,
आणि काय नीट केलेलं.
तिथून चारशे बारा. मग मोजणं सोडलं.

माझी बस पलीकडून होती.
पुलाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं,
आणि जाळीपाशी येऊन उभा राहिलो,
सात.

शेजारी पाण्याचा कॅन कमरेवर घेतलेली म्हातारी.
तिनं माझ्याकडे न बघता
कोपराला धरलं.
थांब.
त्याला जाऊ दे.
अजून एक आहे मागं, दिवा नसलेला.
थांब की.

आता.