कोट क्रमांक चार

दुसरा शनिवार, ऑक्टोबर, झोंबा.
वीज सकाळपासून नाही.
उपस्थित अकरा. कळवून गैरहजर तीन,
न कळवता बाकी सगळे.
इतिवृत्त लिहिणारी मी, एनिफा,
विषय मृदाशास्त्र,
बर्गनच्या पावसात दोन वर्षं काढून परतलेली.

अध्यक्ष कालिलोम्बेबाईंनी मागच्या सभेचं वाचून दाखवलं.
पठारावर लावलेल्या दोनशे रोपांपैकी
एकशे चाळीस शेळ्यांनी खाल्ली.
उरलेली कुणाच्या नावाची ते कळत नाही,
पाट्याही शेळ्यांनीच खाल्ल्या.
(हशा. नोंदवू नये असं ठरलं.)

खजिनदार न्यिरोंगो यांनी शिल्लक सांगितली,
मोजताना जिचा नुसता खुळखुळाट होतो एवढी.

मग नव्या अर्जदारांच्या मुलाखतीची तालीम.
आम्ही तिघे टेबलाच्या पलीकडे, परदेशी चेहरा करून.
शेवटचा प्रश्न नेहमीचा:
शिकून परत याल ना?
सगळे हो म्हणाले.
आम्हीही म्हणालो होतो.

त्यानंतर कपाट उघडलं.
संघाची खरी मालमत्ता तेवढीच.
नऊ कोट, डांबरगोळ्यांचा वास,
कॉलरीत लाल दोऱ्याने शिवलेले आकडे.
जाणारा नेतो, येणारा आणतो.
चार नंबरचा कोट या महिन्यात आला,
ट्रॉम्सोहून, सहा वर्षांनी,
भलत्याच माणसाच्या बॅगेतून.

म्हणून पुढचा विषय:
लिम्बिकानीचं नाव यादीतून काढावं का.

न्यिरोंगो म्हणाले, खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.
कुणी म्हणालं, त्याला तिथे मुलगी झाली.
कुणी म्हणालं, इथे तरी काय होतं त्याच्यासाठी,
एक प्रयोगशाळा, तिला कुलूप,
किल्ली रजेवर.
मी लिहीत होते.
लिहिणाऱ्याला मत द्यावं लागत नाही, बरं असतं.

तेवढ्यात दारात एक म्हातारे, चपला हातात.
लिम्बिकानीचे मामा.
चिल्वा सरोवरावरून मासळीच्या ट्रकने आलेले.
करारावर जामीन म्हणून यांचीच सही;
सही कसली, अंगठा.
भाचा परतला नाही तेव्हापासून
सुकी मासळी विकून हप्ता भरतात,
पावत्या पत्र्याच्या डब्यात, तारखेवार.
आम्हाला वाटलं, भांडायला आले.
न्यिरोंगोंनी खुर्ची जरा मागे घेतली.

“कोट आलाय म्हणे,” ते म्हणाले. “बघू द्या.”

त्या उकाड्यात त्यांनी तो घातला.
बटणं लावली, खालून वर, एकेक, सगळी.
बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.
मग खिसे चाचपले.
एकात बसचं तिकीट, अक्षरं उडालेलं.
दुसऱ्यात, शिवणीच्या कोपऱ्यात,
चिमूटभर काहीतरी खरखरीत.
मी म्हटलं, बाबा, बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यावर...
त्यांनी बोट जिभेला लावलं होतं.

“मीठ,” म्हणाले.
आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले,
गळ्यापर्यंत बटणं लावलेले,
कपाळावरून घाम कॉलरीत उतरत होता.
खिडकीतून जॅकरांडाची जांभळी फुलं
नेहमीसारखी सायकलींवर पडत होती.

जानेवारीत फिनलंडला निघालेली तडाला
भिंतीला टेकून उभी होती,
तेवीस वर्षांची, माशांच्या कल्ल्यांवर काम करते.
मामांनी कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला.
मासा म्हटल्यावर दोन प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली,
एक उत्तर त्यांना पटलं नाही.
“थंडी असते म्हणतात तिकडे.
बटणं खालून लाव. वरून लावलीस तर एक उरतं.”

यादीचा विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.
सूचक कुणीच नाही, अनुमोदन सर्वांचं.
कोटाच्या बाह्या चार बोटं आखूड करणे:
जबाबदारी माझी, खर्च काही नाही.
खिशाला हात लावायचा नाही, हे मी माझं ठरवलं.

चहा झाला. सभा संपली.

वर उपस्थितीच्या ओळीत खाडाखोड आहे,
ती माझीच.
अकराचे बारा केले.