मधलं घर

ऑर्वो आला तेव्हा डुलुथच्या बंदरातून
खनिजाची शेवटची बोट निघून गेली होती
आणि सरोवर काठाकाठाने गोठत होतं.
एका हातात गिटार, दुसऱ्यात कॉफीचा डबा.
डब्यात लोकरी मोज्यात गुंडाळलेला पिकअप,
एकेरी वेटोळ्याचा. टोपणावरचं निकेल
अंगठ्याएवढ्या जागी झिजलेलं.
"डेल्फीनचा आहे," म्हणाला. "माझ्यात बसव."
माझ्यात, म्हणाला.
मी दुरुस्त केलं नाही.

त्याच्या गिटारीत हंबकर. दोन वेटोळी, एक सुलटं, एक उलटं,
बाहेरचा गोंगाट आपसातच जिरवून टाकणारी.
गोदीतल्या माणसाचा आवाज : रुंद, कमी बोलणारा.
तिचा काचेसारखा, आणि सतत घूं करणारा.
ट्यूबलाइट लागली की घूं,
शेजारच्या लाँड्रीतलं यंत्र फिरलं की घूं.
एकोणचाळीस वर्षं एका छपराखाली राहिले दोघं,
एका बँडमध्ये एक रात्रही नाही.
तो शुक्रवारी गोदीजवळच्या बारमध्ये,
ती शनिवारी क्लोकेच्या नाचघरात,
आणि गाडी एकच, म्हणून भांडण.

मी आधीच सांगितलं, जमेलच असं नाही.
त्याला पाच लाख ओहम लागतात, तिला अडीच.
त्याचं तिला दिलं तर ती टोचते,
तिचं त्याला दिलं तर तो घोंगडी पांघरून बोलतो.
"घरीही तसंच होतं," ऑर्वो म्हणाला,
आणि स्टूल ओढून बसला. जायचं नाव नाही.

मी लाकूड कोरलं. मेपलचा भुसा
त्याच्या बुटांवर पडत राहिला, त्याने झटकला नाही.
राळेचा धूर, तांब्याचे कळे, एक जास्तीचा रेझिस्टर
तिच्यापुरता, तिच्या वाटेवर.
संध्याकाळी स्विच वर केला : तो. ठीक.
खाली केला : ती. घूंसकट, ठीक.
मधल्या घरात ठेवला
आणि रिकामा पत्र्याचा डबा वाजावा तसं काहीतरी वाजलं.
खर्ज गेला, अंग गेलं. दोघं असून
एकट्या कुणाहीपेक्षा कमी.

ऑर्वो माझ्याकडे बघेना.

हे होतं. जुना काट्याचा मीटर काढला,
पेचकस पिकअपला चिकटवून झटक्यात उचलला :
त्याच्यावर काटा उजवीकडे, तिच्यावर डावीकडे.
एक ओढतो तेव्हा दुसरी ढकलते, एवढंच.
कुणा एकाच्या दोन तारा उलटवायच्या की झालं.
"मग तिच्या उलटव," म्हणाला.
तिच्या उलटवल्या तर टोपण जिवंत होतं,
बोट लागलं की भुंकतं.
त्याच्यातून चार तारा निघतात, चार रंगांच्या,
त्याला उलटायला जागा आहे.
पुष्कळ वेळ तो त्या चार रंगांकडे बघत राहिला.
"बरं," म्हणाला. "माझ्या."

नंतर फक्त उंची. त्याचे स्क्रू अर्धा फेरा खाली,
मग आणखी पाव, तो तारांपासून लांब जाईपर्यंत,
ती ऐकू येईपर्यंत.

मधलं घर लागलं तेव्हा आवाज गोड नव्हता.
घोगरा होता, कडेला ओला,
आणि दोघांपैकी कुणाचाच नव्हता.
त्याने एकच कॉर्ड वाजवला आणि तळव्याने दाबला.
मग नुसता घूं, निम्म्यावर आलेला.
"तांब्याचा पत्रा लावून हाही आणखी कमी होईल,
चाळीस डॉलर," मी म्हटलं.
तो ऐकत नव्हता.
गिटार मांडीवर घेऊन स्टुलावर हळूहळू फिरत होता,
खिडकीकडे, हीटरकडे, दाराकडे.
दाराकडे तोंड झालं आणि घूं थांबला.
असं होतं, एकेरी वेटोळ्याची एक दिशा असते
जिथे त्याला काहीच ऐकू येत नाही.

ऑर्वो तिथे क्षणभर थांबला,
आणि स्टूल परत थोडं मागे फिरवलं,
ती पुन्हा सुरू होईल इतकंच.