एक, दहा, शून्य

हुवदूच्या बेटांत, अगदी दक्षिणेला,
बर्फाच्या कारखान्यात मी हिशेब लिहायचो.
मासे मोजायचं काम मात्र तिचं.
नाव दोनकमना.
दोन म्हणजे त्यांच्या भाषेत गोरी;
मला पहिले कित्येक महिने आकडाच ऐकू यायचा.

ती मोजायची जुन्या रीतीनं, बारांनी.
चार बोटं, तीन तीन पेरं.
अंगठा पेरांवरून चालत जायचा
आणि स्वतःला कधी मोजायचा नाही.
बाराला ती म्हणायची दोळोस.
मी ऐकलं: डोळस.
चूक कळल्यावरही दुरुस्त करावीशी वाटली नाही.

उजवा हात एकेक कुपा,
डावा हात एकेक डझन.
त्या संध्याकाळी डावा एकदा पुरता भरला,
पुन्हा सुरू झाला, दहाव्या पेरावर थांबला.
उजव्यात काही उरलं नाही.
काडीनं तिनं वाळूत ओढलं:
एक.
मग दहाची तिची खूण, गळासारखी वाकडी.
मग शून्य.
माझ्या वहीत दोनशे चौसष्ट.

"शेवटी शून्य आलं की भांडण नाही," ती म्हणाली.
"दोघांत वाट, तिघांत, चौघांत, सहांत,
सुरी लागत नाही.
आणि बाराजणांत तर नुसतं शून्य पुसायचं."
सवयीनं तळवा फिरला, शून्य गेलं.
राहिलं एक, दहा. म्हणजे बावीस.

कुणी काही बोललं नाही.
दोणीवरचे ते अकराजण होते.
बारावा नसूह, चारा फेकणारा, तिचा धाकटा भाऊ,
मागच्या अमावास्येला फळीवरून लाटेनं नेलेला.

तिनं शून्य परत काढलं, जरा मोठंच.
एक आणि दहा ओठांतल्या ओठांत मिळवले.
"अकरा. मग अकरांतही जातं,
बेरीज अकरा आली की जातंच."
आपल्या नवासारखं, मी मनात म्हटलं,
शाळेत नवाचा पाढा असाच तर पडताळायचो.

प्रत्येकी चोवीस.
तिच्या लिपीत: दोन, पुढे शून्य.

टोपली कुणी उचलेना.
मग म्हातारा नाखवा वाकला,
आपल्या वाट्यातले दोन मासे शेपटीला धरून
बाजूला ठेवले.
मग सुकाणूवरचा. मग पोरगेला शामून,
ज्याला तेव्हा मिसरूडही नव्हतं.
मग सगळेच.
तो ढीग तेवढा तिनं मोजला नाही.

रात्री वहीवर बसून, उगाच,
मी माझ्या आकड्यांची बेरीज केली.
दोन, सहा, चार.
पेन तसंच राहिलं हातात.
बारा.

सकाळी सांगायला गेलो.
ती चुलीपाशी, धुरात, मासे उकडत होती.
ऐकून घेतलं. झाऱ्यानं फेस काढला.
म्हणाली,
"तुमच्या दहाला अजून
बातमी पोचली नसेल."