आवाज नंतर भरतात

ताबेर्नासच्या माळावर त्या उन्हाळ्यात
माणसांपेक्षा पिस्तुलं जास्त होती, बहुतेक लाकडी.
मी एस्पार्तो गवत कापायचो. तेविसावं लागलेलं.
इटालियन लोक आले, म्हणाले, घोड्यावर बसता येतं?
मी हो म्हणालो. घोडा कुणी दिलाच नाही.
दिवसाला दोनशे पेसेता, पाव, त्यात सार्डिन,
आणि कुणा दुसऱ्याचे बूट, एक नंबर लहान.

विहिरीपाशी उभा राहा. टेकडीकडे बघ.
एवढंच काम.
टेकडीवर एक शेळी होती, तीही निघून गेली.
मी उभा. टाचेवरचा फोड फुटला
आणि मोज्यात काहीतरी ओलं सरकत गेलं.
कॅमेऱ्यामागे कुणी शिंकलं, कुणी शिवी हासडली,
दोघं जेवणाच्या पैशांवरून भांडत होते.
चालतं म्हणे. आवाज नंतर भरतात.

नंतर म्हणजे रोममध्ये, एका बंद खोलीत,
असं पुढे कुणीतरी सांगितलं.
कुणी एक माणूस गिटार मांडीवर घेऊन बसला असेल,
समोर पडद्यावर मी.
माझे पाय त्याला दिसले नाहीत,
पाय चौकटीबाहेर होते.
त्यानं सगळ्यात जाड तार एकदा छेडली
आणि ती विरेपर्यंत थांबला.
मग पुन्हा.

फेब्रुवारीत सिनेमा गावात आला.
दोन्या एन्कार्नाचं थिएटर, लाकडी खुर्च्या,
सूर्यफुलाच्या बिया फोडण्याची अखंड कटकट.
मग विहीर आली, मी आलो, आणि ती तार.
बिया थांबल्या.
सव्वीस सेकंद कुणाचा दात हलला नाही.
माझा चेहरा दहा फुटी,
आणि त्या तारेनं त्यात आणून ठेवलं
एक जळकं घर, एक मेलेला भाऊ,
कुणाला तरी दिलेला, न पाळलेला शब्द.
माझी मलाच कीव आली.
आईनं दंड धरला, "कोण गेलं रे तुझं?"
तू इथे बसलीयेस आई,
भाऊ पलीकडे आहे, मूठभर बिया घेऊन.

दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं पैसे घेतले नाहीत.
आणि बेकरीवाल्याची थोरली, विसिताशिओन,
जिनं शिळा पावसुद्धा कधी हसून दिला नव्हता,
गल्ल्यावरून वाकून म्हणाली,
"टेकडीवर काय दिसत होतं तुला?"
शेळी म्हणालो असतो
तर ही मुलं नसती, ही नातवंडं नसती.
मी गप्प बसलो.
गप्प बसणं त्या दिवसांत मला शोभत होतं.

सत्तावन्न वर्षं संसार झाला. चांगला झाला.
पण कधी पिठाचे हात तसेच ठेवून
ती माझ्याकडे बघत राहायची,
तेव्हा वाटायचं, ही त्या गिटारवाल्याला शोधतेय.
नावांच्या यादीत तो नव्हता, मी बघितलंय.
मीही नव्हतो.
आम्ही दोघांनी मिळून तिला फसवलं,
एकमेकांना एकदाही न भेटता.

आता तिला ऐकू येत नाही.
कानातलं यंत्र लावते, काढते, साखरेच्या डब्यात ठेवते.
परवा नातीनं तोच सिनेमा लावला.
विहीर आली. मी आलो.
तार वाजली आणि माझ्याही अंगावर काटा,
नात हातातला फोन विसरली.
विसिता मात्र हसायला लागली,
डोळे पुसत, खुर्चीचा हात धरून.
"अगं बाई! फुल्हेन्सियो,
तुला तर बूट चावतोय!"

रात्री तिनं माझा पाय मांडीवर घेतला,
चष्म्याशिवाय टाच चाचपत राहिली.
"खूप दुखलं होतं?"
ओठ दिसावेत म्हणून दिव्याकडे तोंड करून
मी हो म्हणालो.
तिनं एका जागी अंगठा दाबला
आणि कळ विरेपर्यंत थांबली.
मग पुन्हा.