एक दिवसाआड

घणसोलीच्या त्या टॉवरला बाविसाव्या मजल्यावर अजून भिंती नाहीत.
खाली पत्र्याच्या खोल्यांत पाणी येतं एक दिवसाआड,
म्हणून निळी पिंपं. काहींना झाकणं,
काहींवर प्लायचा तुकडा, एकावर कुणाचं तरी हेल्मेट.
थावरा चव्हाणचा तापही एक दिवसाआडच यायचा,
त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

मे महिना, दुपारचे तीन, आणि त्याला हुडहुडी.
बायको गोधडी टाके, वर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या,
त्यावर स्वतः बसे. तरी पाय उडत.
मग अंगावर पापड भाजावा असा ताप,
उलटी, आणि डोक्यात कुणीतरी टाइल कापतंय.
संध्याकाळी घाम. बनियन पिळून वाळत घालायची.
आणि भूक.
दुसऱ्या दिवशी गडी पुन्हा परांचीवर.
मुकादम म्हणाला, नाटकं.

मी मायक्रोस्कोपवाली. अकरा वर्षं झाली.
डाव्या हाताची अनामिका, स्पिरिटचा बोळा, टोच.
पहिला थेंब पुसायचा, दुसरा काचेवर.
"अंगठीचंच बोट का?" त्याने विचारलं.
त्याला काम कमी असतं, म्हटलं. हसला.
मग जांभळ्या रंगात, तेलाच्या थेंबाखाली,
फुगलेल्या पेशीत ती दिसली:
बारीक अंगठी, एका बाजूला लाल खडा.
लग्नात मला एकच मिळाली होती.

क्लोरोक्विन आज चार, उद्या चार, परवा दोन.
ताप पळतो, आणि खरी पंचाईत तिथेच.
काही जण यकृतात निजून राहतात,
सोंग नाही, खरी झोप, महिनोन्‌महिने.
त्यांच्यासाठी प्रायमाक्विन. चौदा दिवस, जेवल्यावर.
त्याआधी रक्ताची आणखी एक तपासणी; ती ठीक निघाली.
तरी बजावलं: लघवी आगळासारखी काळसर झाली
तर गोळी बंद, आणि धावत ये.

कार्डावर चौदा चौकोन. पाचापर्यंत खुणा.
सहाव्या दिवशी गेले तर खोलीला कुलूप नव्हतं,
कुलूप लावायला दारच ठेवलं नव्हतं.
पिंप तेवढं राहिलेलं. त्यात अळ्या,
पाण्याच्या वरच्या कडेला आडव्या, निवांत.
मी पिंप कलंडवलं.
"ओ बाई, पाणी आता परवा येणार!"
शेजारीण ओरडली. तिचं खरं होतं.
उरलेलं तिने फडक्यातून गाळून नेलं,
माझ्याकडे न बघता.

दिवाळी उलटली तेव्हा फोन आला.
"मॅडम, थावरा. तळोज्यावरून. परत तेच.
त्या नऊ गोळ्या जपून ठेवल्यात, चालतील?"
गोळ्या राहू दे, म्हटलं, बोट घेऊन ये.
"कुठलं? ते बिनकामाचं?"
तेच. आज ताप आहे?
"आज नाही," तो म्हणाला, "उद्या."
मागे मिक्सर फिरत होता.